पाच तासांचा संसार

म्हाताऱ्या माणसांवर चित्रपट काढायचा म्हटले की निर्मात्याच्या पोटात गोळा उभा राहतो. तिकीट काढणारा प्रेक्षक तरुण. त्याला पडद्यावर देखणा नायक हवा, त्याहून देखणी नायिका हवी आणि शेवटी दोघांचे लग्न लागलेले हवे. त्या लग्नाला पन्नास वर्षे झाल्यावर दोघांचे काय झाले, हे विचारायला कोणी पैसे मोजून येत नाही. म्हातारा-म्हातारी पडद्यावर यायची ती आशीर्वाद द्यायला, खोकायला, नाहीतर कथेला कलाटणी हवी असेल तेव्हा मरायला. हा रिवाज साऱ्या जगात सारखाच. तो मोडून, सत्तरीच्या जोडप्याला नायक-नायिका करून, हॉलिवुडात १९३७ साली एक चित्रपट निघाला. त्याचे नाव ‘मेक वे फॉर टुमॉरो’. म्हणजे, उद्या येतो आहे, त्याला वाट द्या.

चित्रपट चालला नाही. ज्याने तो काढला त्याची नोकरी गेली. पण आजही जाणकार मंडळी त्याचे नाव काढताना आवाज थोडा खाली आणतात. मी तो चार-पाच वेळा पाहिला आहे. दर वेळी पहिला तासभर मनमुराद हसतो आणि शेवटची दहा मिनिटे कोणाशी बोलावेसे वाटत नाही. असे का व्हावे? कथेत उत्तर शोधू गेले तर सापडत नाही. कथा पोस्टकार्डावर मावेल एवढीच आहे. उत्तर आहे ते नटांच्या कामात, अशी माझी समजूत आहे. आणि ती कशी झाली ते सांगण्यासाठीच हा लेख.

आधी काळ कोणता होता ते पाहू. १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. पाठोपाठ बँका बुडाल्या, कारखान्यांना टाळी लागली, हप्ते थकलेली घरे जप्त होऊ लागली. तोवर अमेरिकन मध्यमवर्गी माणसाचा हिशेब सरळ होता : हातपाय चालताहेत तोवर कमवावे, घर करावे, मुले मार्गी लावावीत आणि म्हातारपणी त्या घराच्या ओसरीवर झुलत्या खुर्चीत बसावे. मंदीने एका फटक्यात आईबापांचे घर नेले आणि त्यांना सांभाळण्याची मुलांची ऐपतही नेली. जोसेफिन लॉरेन्स या लेखिकेने १९३४ साली ‘द इयर्स आर सो लाँग’ ही कादंबरी लिहिली ती याच दुखण्यावर. पुढल्या वर्षी, १४ ऑगस्ट १९३५ रोजी, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सामाजिक सुरक्षेच्या कायद्यावर सही केली. १९३७ च्या जानेवारीपासून पगारातून वर्गणी कापली जाऊ लागली. पण दरमहाचे निवृत्तिवेतन म्हाताऱ्यांच्या हाती पडू लागले ते १९४० च्या जानेवारीपासून. म्हणजे चित्रपट निघाला तेव्हा कायदा कागदावर होता, आणि म्हातारी माणसे मुलांच्या दारात होती.

दिग्दर्शक लिओ मॅकॅरी हा हाडाचा विनोदी माणूस. मूकपटांच्या जमान्यात लॉरेल आणि हार्डी ही जोडी ज्यांनी जमवली त्यांत तो होता. मार्क्स बंधूंचा ‘डक सूप’ हा १९३३ चा धुमाकूळही त्याचाच. सेटवर पियानो ठेवायचा, अडले की तो वाजवत बसायचे, आणि नटांनी बोलता बोलता काही नवे सुचवले की लिहिलेले बाजूला सारून तेच घ्यायचे, अशी त्याची पद्धत. त्याचे वडील वारले आणि त्याच सुमारास ही कादंबरी त्याच्या हाती आली. दुसऱ्या एखाद्याने या गोष्टीचा गळाकाढू चित्रपट केला असता. मॅकॅरीने त्यात आपली सगळी विनोदाची विद्या ओतली. पहिली चाल त्याने पात्रांच्या निवडीतच खेळली.

म्हातारबुवांच्या, म्हणजे बार्क कूपरच्या, कामाला त्याने व्हिक्टर मूर घेतला. हा न्यूयॉर्कच्या संगीत रंगभूमीवरचा नावाजलेला विदूषक. ‘ऑफ दी आय सिंग’ या १९३१ च्या गाजलेल्या संगीतिकेत ज्याला कोणी ओळखतच नाही अशा उपाध्यक्षाचे काम करून त्याने लोकांना हसवून हसवून बेजार केले होते. गोल चेहरा, बावरलेले डोळे, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी थोडा फाटणारा आवाज. लोक त्याला पाहायला जात ते हसायच्या तयारीनेच.

ल्युसी कूपरच्या, म्हणजे आजीबाईंच्या, कामाला आली ब्यूला बाँडी. आणि इथे खरी गंमत आहे. सत्तर वर्षांच्या या आजीबाईंचे प्रत्यक्षातले वय होते अठ्ठेचाळीसच्या आसपास. पडद्यावर तिचा थोरला मुलगा जॉर्ज झालेला थॉमस मिचेल तिच्याहून तीन-चार वर्षांनीच लहान. मुलगी कोरा झालेली एलिझाबेथ रिस्डन तर आईपेक्षा थोडी मोठीच! रंगभूषेने सुरकुत्या काढता येतात, केस पांढरे करता येतात. पण बसताना आधी हाताने खुर्ची चाचपावी, उठताना मनाशी एकदा तयारी करावी, दुसरा बोलत असताना त्याच्या ओठांकडे पाहावे, हे रंगाच्या डबीत मिळत नाही. बाँडीबाईंनी ते कुठून आणले कोण जाणे. चित्रपट सुरू झाल्यावर पाच मिनिटांत आपण वयाचा हिशेब विसरतो.

कथा अशी. बार्क हिशेबनीस होता. चार वर्षे झाली, हाताला काम नाही. घर बँकेने घेतले आहे. ही बातमी म्हातारा-म्हातारीने मुलांपासून लपवून ठेवलेली, आणि सांगतात केव्हा, तर घर सोडायला थोडेच दिवस उरल्यावर! पाच मुले. त्यांतली एक दूर कॅलिफोर्नियात. उरलेल्या चौघांपैकी दोघांनाही एकदम ठेवून घेण्याजोगी सोय कोणाकडेच नाही. मग तात्पुरती तोड निघते. आईने न्यूयॉर्कला जॉर्जकडे राहावे, वडिलांनी शेकडो मैलांवर कोराकडे. दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न! तात्पुरत्या व्यवस्था किती टिकाऊ असतात, हे ज्यांनी एकत्र कुटुंबात दिवस काढले आहेत त्यांना सांगायला नको.

आता ज्या प्रसंगासाठी अभिनयाच्या विद्यार्थ्याने हा चित्रपट पाहावा, तो सांगतो. जॉर्जची बायको अनिता घरात ब्रिजचे वर्ग चालवते. संसाराला तेवढाच हातभार. एका संध्याकाळी नटूनथटून शिष्यमंडळी आली आहेत, टेबले मांडली आहेत, आणि आजीबाई आपली झुलती खुर्ची घेऊन मधोमध येऊन बसतात. खुर्ची कुरकुरते. कुर्र... कुर्र... खेळणाऱ्यांचे लक्ष उडते. आजीबाई उठून एकाच्या पानांत डोकावतात आणि मोकळ्या मनाने दोन शब्द बोलतात. अनितेच्या कपाळावरची शीर ताडताड उडते आहे, आणि खरे सांगतो, आपलीही उडू लागते! अनितेचे काम करणारी फे बेन्टर ही फार समजदार नटी. ती सासूवर एकदाही ओरडत नाही. तिचे ते ताणून धरलेले हसू पाहून आपण मनात म्हणतो, अहो, कुणीतरी त्या म्हातारीला आत न्या हो!

आणि तेवढ्यात टेलिफोन वाजतो. बार्कचा फोन. ऐकू नीट येत नाही म्हणून, की एवढ्या लांबवर आवाज पोचायचा म्हणून, आजीबाई भरसभेत ओरडून बोलू लागतात. पाहुणे एकमेकांकडे पाहून गालांत हसतात. आपणही हसतो. ती विचारते, तब्येत कशी आहे, थंडी फार आहे का, अंगावर गरम घालतोस ना. मग तिच्या ध्यानात येते की एवढ्या लांबच्या फोनला पैसे पडले असणार. ती त्याला रागे भरते : एवढ्या पैशांत एक चांगला गळपट्टा आला असता की! बोलता बोलता तिचा आवाज हळूहळू उतरतो. आता कोणीच हसत नाही. पाहुण्यांपैकी कोणी पानांकडे पाहतो, कोणी जमिनीकडे. बाँडीबाईंची पाठ बहुतेक आपल्याकडेच आहे. डोळ्यांत पाणी नाही, हुंदका नाही. फोन ठेवून ती वळते, आणि आपण मघाशी तिला आत न्यायला निघालो होतो याची आपली आपल्यालाच शरम वाटते.

मला वाटते, सगळ्या चित्रपटाची किल्ली इथे आहे. म्हातारी माणसे त्रासदायक असतात, हे मॅकॅरी लपवत नाही. बाँडी आणि मूर हे आपल्या पात्रांसाठी प्रेक्षकाकडे दयेची झोळी पसरत नाहीत. आधी ते आपल्याला खुशाल वैताग आणतात. बार्क तर असा हट्टी की तपासायला आलेला डॉक्टर कोवळा पोरगा दिसतो म्हणून त्याच्याशी वाद घालतो आणि शेवटी त्याचे बोट चावतो! कोरा रागीट, कष्टाने पिचलेली. म्हाताऱ्याला सर्दी झाली तर गावातला त्याचा दोस्त, रुबेन्स नावाचा ज्यू दुकानदार, घरून कोंबडीचे सूप घेऊन येतो, तेव्हा तिला त्यात आपला अपमान दिसतो. तेही खोटे नाही. परक्याने आपल्या बापाला सूप आणून द्यावे, हे कोणत्या मुलीला रुचेल? मॉरिस मॉस्कोविच या नटाने तो रुबेन्स असा केला आहे की, बार्कचा चष्मा फुटला म्हणून ल्युसीचे पत्र तो त्याला वाचून दाखवतो आणि वाचता वाचता मजकूर इतका घरगुती होत जातो की त्यालाच पुढे वाचवत नाही. घरी आल्यावर तो आपल्या बायकोला हाक मारतो, ती आहे ना एवढेच पाहायला.

हा चित्रपट मी एकदा घरातल्या तीन पिढ्यांबरोबर बसून पाहिला. मुले नातीच्या बाजूने बोलत होती, कारण नात आजीबरोबर एका खोलीत कोंडली गेली आहे आणि तिला आपल्या मित्रांना घरी आणता येत नाही. मधल्या पिढीची माणसे अनितेचे तोंड पाहून हसली, आणि मग एकमेकांकडे पाहायचे त्यांनी टाळले. वडीलधारी माणसे मात्र काहीच बोलली नाहीत. एकाच प्रसंगात तिघांनाही आपापली बाजू खरी वाटावी, हे लेखणीचे आहे त्याहून अधिक नटांचे यश आहे. एकाने जरी आपले पात्र खलनायकाकडे झुकवले असते, तरी बाकीचे सुटले असते.

पुढे नातीवरून घरात कटकट होते आणि वृद्ध स्त्रियांच्या आश्रमाचे पत्र जॉर्जच्या नावाने घरी येते. ते ल्युसीच्या नजरेस पडते. संध्याकाळी जॉर्ज तिच्याशी बोलायला येतो. शब्द त्याच्या घशात अडकलेले. मिचेलने हा प्रसंग केला आहे तो केवळ मान खाली घालून आणि हातांचे काय करावे हे न कळून. आणि ल्युसी? ती मुलाला बोलूच देत नाही. तीच म्हणते की, मला इथे फार कंटाळा येतो रे, मला त्या आश्रमात जावेसे वाटते, तुझी हरकत नाही ना? एकच विनंती : वडिलांना हे कधी कळू देऊ नकोस; मी तुझ्याकडेच आहे असे त्यांना वाटू दे. मग जाता जाता सांगते की, सगळ्या मुलांत तू माझा लाडका होतास. हे वाक्य दुसऱ्या कोणा नटीने टोमण्यासारखे म्हटले असते, नाहीतर रडून. बाँडीबाई ते अगदी साधे म्हणतात, शाळेतून आलेल्या मुलाला खाऊ द्यावा तसे. मुलाची लाज झाकायला आई खोटे बोलते, आणि ते खोटे आहे हे मुलाला कळते, हे तिलाही कळते. तिघांना मिळून एवढे कळते आहे, तिघांत तिसरे आपण.

बार्कची रवानगी कॅलिफोर्नियाला ठरते. हवा मानवेल हे निमित्त. गाडी सुटायच्या आधी न्यूयॉर्कमध्ये दोघांना पाच तास मिळतात. मुलांनी जेवणाचा बेत केलेला आहे. पण दोघे शहरात भटकायला निघतात आणि चित्रपटाचा उत्तरार्ध हा त्या पाच तासांचा संसार आहे. मोटारी विकणारा एक जण त्यांना छुपे धनिक समजून नव्या गाडीतून फिरवून आणतो, आणि चूक कळल्यावर, गाडी मिरवायलाच निघालो होतो असे म्हणून वेळ साजरी करतो. पन्नास वर्षांपूर्वी लग्न झाल्यावर ज्या हॉटेलात उतरली होती तिथे ती जातात. व्यवस्थापक त्यांना पाहुण्यांसारखे वागवतो. बार्क तिथून मुलांना फोन करून कळवतो की आम्ही जेवायला येत नाही. ल्युसीला एका पेल्याने जराशी चढते. नाचायला उभी राहतात तो वाद्यवृंदाने नव्या तऱ्हेची धावती चाल धरलेली, दोघे गोंधळतात. वाद्यवृंदाचा नायक त्यांना पाहतो, आणि चाल बदलून जुना संथ वॉल्ट्झ सुरू करतो. परक्या माणसांचा हा साधा चांगुलपणा पाहून घरच्यांची आठवण अधिकच बोचते. टेबलाशी बसली असताना दोघांची तोंडे जवळ येतात, आणि ल्युसी एकदम थबकून सरळ आपल्याकडे, प्रेक्षकांकडे पाहते. चारचौघांत हे बरे दिसते का! पन्नास वर्षांच्या संसारानंतरची ही लाज बाँडीबाईंनी क्षणभरात दाखवली आहे. तेवढ्यासाठी मी सगळा चित्रपट पुन्हा बघेन.

इकडे मुले घरी वाट पाहत बसलेली. कोणीतरी म्हणते, स्टेशनवर गेलो नाही तर आपण फार वाईट आहोत असे त्यांना वाटेल. जॉर्ज विचारतो : नाही आहोत का?

आणि स्टेशन. पुन्हा भेट झाली नाही तर, असे म्हणून बार्क तिला तिच्या माहेरच्या नावाने संबोधून, आपली ओळख झाली याचा फार आनंद वाटला, असे सांगतो, जणू कालच कोणी ओळख करून दिली आहे. मूरच्या त्या फाटक्या आवाजावर सारी हयात लोक हसले. तोच आवाज इथे आहे, तसाच. ती म्हणते की पन्नासही वर्षे फार छान गेली. गाडी हलते. खिडकीतला चेहरा जातो. ल्युसी उभी राहते, थोडी वळते, आणि चित्रपट संपतो.

हा शेवट बदला, लोकांना हसत घरी जाऊ द्या, असा पॅरामाउंट कंपनीच्या अॅडॉल्फ झुकोर यांचा आग्रह होता. मॅकॅरी बधला नाही. चित्रपट पडला आणि कंपनीने त्याला मोकळे केले. त्याच वर्षी त्याने दुसरीकडे ‘द ऑफुल ट्रुथ’ हा खेळकर चित्रपट केला आणि त्याला दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळाले. ते घेताना, तुम्ही भलत्याच चित्रपटाला बक्षीस देत आहात, अशा अर्थाचे तो बोलला. बाँडी आणि मूर यांचा तर नामांकनातही उल्लेख नव्हता. २०१० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपटसंग्रहाच्या यादीत या चित्रपटाला जागा मिळाली; तोवर त्यातले कोणी ते पाहायला उरले नव्हते.

या जातीची कथा पुढे अनेक देशांत उगवली. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू याचा ‘टोकियो स्टोरी’ १९५३ चा. त्याचा सहलेखक कोगो नोदा याला मॅकॅरीच्या चित्रपटाची आठवण होती. त्यातला म्हातारा चिशू र्यू हाही तेव्हा एकोणपन्नास वर्षांचाच. दुसऱ्याच वर्षी, १९५४ मध्ये, आपल्या मराठीत ‘ऊन पाऊस’ आला. कथा ग. दि. माडगूळकरांची, संगीत सुधीर फडक्यांचे, दिग्दर्शन राजा परांजप्यांचे. शाळामास्तर आणि त्याची पत्नी यांच्या वृद्धपणाची ती कहाणी, आणि मास्तर झाले होते स्वतः राजाभाऊ, वय वर्षे चव्वेचाळीस; पत्नीच्या कामात सुमती गुप्ते. दोनच वर्षांपूर्वी ‘लाखाची गोष्ट’ आणि ‘पेडगावचे शहाणे’ काढून महाराष्ट्राला हसवणारा माणूस या कथेकडे वळावा, हे मला मॅकॅरीच्या वळणाइतकेच अर्थपूर्ण वाटते. १९५८ मध्ये बी. आर. पंतुलू यांनी ही कथा कन्नडमध्ये ‘स्कूल मास्टर’ म्हणून नेली, आणि तिथून ती इतर भाषांत फिरली.

२००३ साली हिंदीत ‘बागबान’ आला आणि घरोघरी रुमाल भिजले. अमिताभ बच्चन आणि हेमा मालिनी यांची कामे जोरकस आहेत, याबद्दल वाद नाही. पण तिथे मुले आणि सुना दुष्ट आहेत, आणि शेवटी बाप यशस्वी होऊन त्यांना भरसभेत सुनावतो. प्रेक्षक समाधानाने उठतो, कारण तो काही इतका दुष्ट नाही! मॅकॅरी ही पळवाट ठेवत नाही. त्याच्या चित्रपटात दुष्ट कोणीच नाही. आहेत ती थोडी थकलेली, थोडी अडचणीत असलेली, एकंदरीत बरी माणसे. म्हणजे आपल्यासारखी.

बाँडीबाईंचे पुढे काय झाले? त्या पडद्यावर आईच राहिल्या. जेम्स स्ट्युअर्टची आई तर चार चित्रपटांत झाल्या. त्यांतला १९४६ चा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ आजही नाताळात लोक पाहतात. प्रत्यक्षात त्यांनी लग्न केले नाही, मूलबाळ नव्हते. १९७७ साली, नव्वदीच्या उंबरठ्यावर, ‘द वॉल्टन्स’ या दूरचित्रवाणी मालिकेत एका म्हाताऱ्या बाईच्या कामासाठी त्यांना एमी पारितोषिक मिळाले. त्या वेळी सुरकुत्या काढायला रंगभूषाकाराची गरज नव्हती. १९८१ च्या जानेवारीत त्या गेल्या.

आता हा चित्रपट घरबसल्या पाहता येतो. फराळाची ताटे उरकली, पाहुणे पांगले, की एखाद्या रात्री जरूर पाहा; पण घरातल्या वडीलधाऱ्यांना बरोबर बसवून. झुलती खुर्ची कुरकुरू लागेल तेव्हा हसू येईल, ते आवरू नका. टेलिफोन वाजायला फार वेळ लागत नाही.